गरोदर बाईच्या खोलीतलं तापमान कोणी मोजतं का?

पहाटपाळी
सोमवार, सकाळी ९:२०

रात्रपाळी करून आत्ताच घरी आले. झोपायला हवं, पण डोळा लागत नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, बारा वर्षं झाली. काल रात्री दोनच्या सुमाराला एक बाळ आलं. पाच दिवसांचं. दिवस पूर्ण भरून झालेलं, जन्माचं वजन चांगलं, दोन दिवसांत घरी सोडलेलं. आई म्हणाली, "कालपासून अगदी शांत झालंय. रडतसुद्धा नाही, नुसतं झोपतंय. आम्हाला वाटलं गुणी आहे." मी दुपटं उलगडलं. आत झबलं, त्याच्या आत आणखी एक झबलं, डोक्याला टोपी, हातापायांत मोजे. काखेत तापमान ३८.९ अंश सेल्सिअस. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले, दिवसभरात एकदाच शू आणि लंगोटावर विटकरी रंगाचा डाग. वजन जन्मापेक्षा १३ टक्क्यांनी उतरलेलं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत आम्ही फारशी काळजी करत नाही. १० च्या पुढे गेलं की मात्र धावपळ सुरू होते.

इतक्या लहान बाळाला ३८ किंवा त्याच्या वर ताप म्हणजे आधी संसर्ग शोधावाच लागतो. रक्त घेतलं, अँटिबायोटिक सुरू झालं. मग रक्तातल्या सोडियमचा रिपोर्ट आला, १५८, म्हणजे फारच जास्त. बाळ अक्षरशः सुकलं होतं.

वडिलांना विचारलं, झोपता ती खोली कशी आहे? वरचा मजला, स्लॅब दिवसभर तापतो, बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. "रात्री खोलीत किती असतं?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. बाहेर ४३ होतं हे त्यांना बातम्यांवरून माहीत होतं. खोलीत किती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

नंतर मी आईची गरोदरपणाची फाईल चाळली. प्रत्येक भेटीचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, सगळं व्यवस्थित. शेवटचे तीन महिने तिने त्याच खोलीत काढले, त्याबद्दल एक ओळ नाही. आम्ही कोणी कधी विचारतच नाही. उन्हाळा काय, सगळ्यांनाच असतो, असं धरून चालतो.

पण पोटातल्या बाळाला तो सगळ्यांसारखा नसतो. त्याचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच असतं, आणि त्याची उष्णता बहुतेक सगळी वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तात जाते. बाळाला घाम नाही, पाणी मागता येत नाही, जागा बदलता येत नाही. आई निवली तर ते निवणार. आईचं अंग तापलं की तिचं शरीर रक्त कातडीकडे वळवतं, म्हणजे वारेच्या वाट्याला कमी येऊ शकतं. आधीच गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढलेलं, हृदय जास्तीचं काम करत असतं. त्यात घामावाटे पाणी गेलं आणि ते भरून निघालं नाही, तर गर्भाशय आकसायला लागतो आणि कळा येऊ शकतात.

एक उदाहरण मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत गेला होता. तिथल्या एका रुग्णालयातल्या नवजात विभागाच्या नोंदी नंतर डॉक्टरांनी तपासल्या. ४२ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. बाळंतिणींचा वॉर्ड होता सगळ्यात वरच्या मजल्यावर, छताखाली. तो खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी बाळं ६४ टक्क्यांनी कमी झाली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. खाटा खाली नेल्या.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी कोणी गरोदर बाईच्या किंवा तान्ह्या बाळाच्या खोलीतलं तापमान कधी मोजलंय का?

---

दुसरीवेळ
सोमवार, सकाळी १०:०५

वाचून पोटात गोळा आला. मला ३१ वा आठवडा चालू आहे. आमचीही खोली छताखालीच आहे. गेला आठवडाभर दुपारी तीन-चार वाजता पोट दगडासारखं घट्ट होतं, मिनिटभर राहतं आणि सैल पडतं. आडवं झालं, पाणी प्यायलं की थांबतं. नवरा म्हणतो सरावाच्या कळा असतील. पहिल्या वेळी हे असं नव्हतं, पण तेव्हा सातवा-आठवा महिना थंडीत होता. काळजी करू की नको?

---

प्रसूतिकक्ष
सोमवार, दुपारी १:४०

दुसरीवेळ, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासल्याशिवाय नक्की काही सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

पोट अधूनमधून घट्ट होतं, कधीही होतं, त्याला ताल नाही आणि पाणी पिऊन कुशीवर पडल्यावर थांबतं, तर बहुधा त्या सरावाच्या कळाच. शरीरात पाणी कमी असलं की त्या वाढतात. पण ३७ आठवड्यांच्या आत तासाभरात चारपेक्षा जास्त वेळा पोट घट्ट झालं, कंबरेतून कळ येऊन पुढे उतरू लागली, खाली दाब जाणवला, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर दुपार असो की मध्यरात्र, निघायचं. "उन्हाने होतंय, संध्याकाळी बरं वाटेल" म्हणून थांबलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांच्यापैकी काही जणी वेळेत आल्या असत्या तर मी प्रसूती थांबवू शकले असते, पण त्या आल्या तेव्हा उशीर झाला होता.

दुसरं, बाळाची हालचाल. २८ आठवड्यांनंतर रोज एक ठरावीक वेळ धरून कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. गरमीने आपण मरगळतो तसं बाळही मरगळत असेल, असं समजून सोडून देऊ नका. कमी वाटली तर दाखवा.

पाण्याचं एक सोपं माप आहे. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं पाणी पोटात जातंय. गडद झाली, तर तहान लागली नसली तरी कमी पडतंय. ओआरएस रोज पाण्यासारखं पिऊ नका, त्यात मीठ असतं. उलट्या, जुलाब झाले किंवा फार घाम गेला तर घ्या, आणि अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या पेल्यात अंदाजाने टाकलेली पावडर नको. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि "गरमीत चक्कर येते" म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पहाटपाळींचा प्रश्न मला लागला. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मीही खोली कशी आहे हे विचारलेलं नाही.

---

आकडेमोड
सोमवार, संध्याकाळी ६:१५

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच आकडे नीट मांडतो. नाहीतर वाचणाऱ्या गरोदर बायका उगाच धास्तावतील किंवा दुसरं कोणी "काही नसतं" म्हणून मोडीत काढेल.

२०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. २७ देशांतले अभ्यास होते. तापमान एका अंशाने वाढलं की दिवस भरायच्या आत प्रसूती होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, उष्णतेच्या लाटेत सुमारे १६ टक्क्यांनी. मृतजन्माची शक्यताही अंशामागे सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

हे १६ टक्के म्हणजे शंभरातल्या सोळा बायका नव्हेत. जगात साधारण दहातलं एक बाळ दिवस भरायच्या आत जन्मतं. म्हणजे शंभरात दहा. उष्णतेच्या लाटेत ते दहाचे साडेअकराच्या आसपास होतात. एकट्या बाईच्या दृष्टीने बघितलं तर तिचं बाळ वेळेवर, सुखरूप येण्याची शक्यता अजूनही खूप जास्त आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळं अशी लवकर जन्मली. त्यात उष्णतेच्या लाटेत दर शंभर जन्मांमागे आणखी एखाद-दीड बाळाची भर म्हणजे किती, ते ज्याने त्याने मांडून बघावं. एकीने घाबरू नये आणि व्यवस्थेने मात्र घाबरावं, असा हा आकडा आहे.

आणखी एक. या ७० पैकी बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले होते. २७ देशांपैकी कमी आणि मध्यम उत्पन्नाचे फक्त ७. जिथे घरं सगळ्यात जास्त तापतात तिथलं मोजमापच सगळ्यात कमी झालंय. पहाटपाळींनी सांगितलेल्या बाळाच्या खोलीत जसं कोणी तापमान मोजलं नव्हतं, तसंच हे.

---

थोरलीमावशी
सोमवार, रात्री ९:३०

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून बोलते, राग मानू नका. बाळाला उघडं ठेवा, उघडं ठेवा, असं आताशा सगळे सांगतात. मी माझ्या डोळ्यांनी थंडीने काळंनिळं पडलेलं लेकरू पाहिलंय. हातपाय बर्फासारखे गार. बाळाला गुंडाळायचं ते आम्ही हौसेने नाही शिकलो. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे गारवा असतो.

---

पहाटपाळी
सोमवार, रात्री ११:१०

मावशी, राग कसला. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. थंडीने बाळं दगावतात, आणि कमी दिवसांची, कमी वजनाची तर फार लवकर गार पडतात. म्हणूनच बाळंतपणाची खोली २५ ते २८ अंशांवर ठेवा, तिथे वाऱ्याचा झोत नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एसी जोरात लावलेल्या खोलीत ओलं बाळ जन्माला आलं की त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

फरक एवढाच की गुंडाळायचा नियम ज्या खोलीसाठी होता ती खोली आता तशी राहिलेली नाही. मोठ्या माणसापेक्षा बाळाला कपड्याचा एक थर जास्त, हे २५ अंशांच्या खोलीत बरोबर आहे. ३५ अंशांच्या खोलीत तोच थर बाळाला भाजतो. वजनाच्या मानाने बाळाची कातडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे ते गारही पटकन पडतं आणि तापतंही पटकन. घाम नीट येत नाही, कमी दिवसांच्या बाळाला तर जवळजवळ नाहीच. डोकं शरीराच्या मानाने मोठं, बरीच उष्णता तिथून बाहेर पडते, आणि आपण तिथेच टोपी चढवतो.

हातपाय गार लागले म्हणून आणखी गुंडाळलं, असं निम्म्या आया सांगतात. तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय एरवीही गारच लागतात, त्यावरून ठरवू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे गरम, ओलसर लागलं तर एक कपडा काढा. गार लागलं तर घाला, आईच्या छातीशी लावा. आणि शंका आली तर थर्मामीटर. काखेत ३६.५ ते ३७.५ म्हणजे ठीक. हाताचा अंदाज माझाही चुकतो, बारा वर्षांनंतरही.

---

माळावरची
मंगळवार, पहाटे ५:०५

कामाला निघायच्या आधी लिहितेय. अकरा ते चार बाहेर पडू नका, हे आम्हाला प्रत्येक उन्हाळ्यात कोणी ना कोणी सांगतं. मी आणि माझ्यासोबतच्या बायका शेतात मजुरी करतो. त्या वेळेला घरी बसलं तर मजुरी नाही, आणि घर पत्र्याचं, ते शेतापेक्षा जास्त तापतं.

पण मला दुसरंच सांगायचंय, जे या धाग्यावर अजून कोणी बोललं नाही. बायका पाणी पीत नाहीत. पाणी असतं, भरलेली कळशी झाडाखाली ठेवलेली असते. तरी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. सकाळी पाचला गेलेली बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत जात नाही. आमच्यातली एक सहा महिन्यांची गरोदर होती. भर दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात कळलं की लघवीत जंतुसंसर्ग होता, त्यानेच कळा सुरू झाल्या होत्या. बाळ राहिलं नाही. तिला सगळे म्हणाले, पाणी का नाही प्यायलीस. कोणी असं नाही म्हणालं की जाणार कुठे होती.

नंतर आम्ही चौघींनी मिळून चार बांबू रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला. एवढंच. आता सगळ्या पितात.

---

प्रसूतिकक्ष
मंगळवार, सकाळी ८:२०

माळावरची, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वैद्यकाच्या भाषेत तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. पाणी कमी, लघवी तुंबलेली, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून वेळेआधी कळा. ही साखळी आम्ही पुस्तकात शिकतो. त्यात ताडपत्री कुठे बसते ते मात्र आम्हाला कोणी शिकवत नाही.

शेतात राबणाऱ्या गरोदर बायकांवर पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ बायका होत्या. संशोधक त्यांच्याबरोबर शेतात गेले आणि काम चालू असतानाच बाळाचे ठोके, नाळेतला रक्तप्रवाह मोजला. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की बाळावर ताण दिसण्याची शक्यता १७ टक्क्यांनी वाढत होती. आईला फार त्रास होण्याआधीच बाळाच्या ठोक्यांत फरक पडू शकतो, ही त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. "मला काही होत नाहीये" हे पुरेसं नाही.

तमिळनाडूतही चेन्नईच्या एका संस्थेने ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात, वीटभट्ट्यांवर, मिठागरांत काम करणाऱ्याही त्यात होत्या. जास्त उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं.

---

उंबरठा
मंगळवार, सकाळी १०:४५

दुप्पट हे वाचून थांबले. लिहू की नको असं तासभर चाललं होतं.

मागच्या उन्हाळ्यात माझा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी भर दुपारी एका कामासाठी दोन तास रांगेत उभी होते. चक्कर आली होती. तेव्हापासून मला वाटतंय की त्यानेच झालं. घरात कोणाला बोलले नाही. डॉक्टर, तुम्ही खरं सांगा.

---

प्रसूतिकक्ष
मंगळवार, सकाळी ११:३०

खरंच सांगते.

पहिल्या तिमाहीत जे गर्भपात होतात, त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. तो दोष बहुतेक वेळा गर्भ राहतो तेव्हाच ठरलेला असतो. आई कुठे उभी राहिली, काय उचललं, काय खाल्लं याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. अभ्यासातलं "दुप्पट" हे शेकडो बायकांचं गणित आहे. त्यातून एका बाईचं कारण कोणालाही काढता येत नाही, मलाही नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल जी भीती सांगितली जाते ती शरीराच्या आतलं तापमान ३९ च्या पुढे जाऊन टिकण्याची आहे. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यापर्यंत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटते, आणि त्या काळात जोराचा ताप किंवा फार वेळ अतिगरम पाण्यात बसणं टाळायचं ते यासाठी. पण शरीर हे तापमान सहजासहजी वर जाऊ देत नाही. २०१९ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यायाम करताना किंवा गरम पाण्यात बसून तपासलेल्या एकाही गरोदर बाईचं आतलं तापमान ३९ च्या वर गेलेलं नव्हतं. रांगेत चक्कर येणं हे बहुतेक वेळा रक्तदाब उतरल्याने होतं. त्याचा अर्थ बाळ भाजलं असा होत नाही.

तुम्ही वर्षभर हे एकटीने उरात घेऊन बसलात. आज नवऱ्याला किंवा बहिणीला सांगा. आणि पुढच्या वेळी राहिलं तर पहिल्या भेटीला येताना मनात येतील ते सगळे प्रश्न लिहून आणा.

---

उंबरठा
मंगळवार, सकाळी ११:५२

वाचलं. रडले. बहिणीला फोन करतेय.

---

नवाबाबा
मंगळवार, दुपारी ४:००

मुलगी तीन आठवड्यांची आहे. दोन प्रश्न. एक, उकाड्यात तिला चमच्याने थोडं पाणी द्यावं का? सगळे सांगतायत. दोन, बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून मी पातळ ओढणी टाकतो, ते चालेल ना?

---

पहाटपाळी
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

पाणी नको. सहा महिन्यांपर्यंत अजिबात नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं की पोट त्याने भरतं, दूध कमी प्यायलं जातं, जंतू जाण्याची भीती वेगळी, आणि रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उकाड्यात बाळ जास्त वेळा आणि थोडं थोडं पितं, ते तहानेचं पिणं असतं, पाजत राहा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा तरी. झोपाळू झालं असेल तर उठवून पाजा. वरचं दूध देत असाल तर ते डब्यावर लिहिलेल्या मापातच करा, पातळ करू नका. तिला सहा-सात लंगोट ओले होतायत ना, ते मोजा. आणि बाळाला पाजणाऱ्या आईच्या हाताशी पाण्याची बाटली ठेवणं हे तुमचं काम, नवाबाबा.

ओढणी काढा, आत्ताच. पातळ असली तरी आत हवा कोंडते आणि गाडीत बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतं. सावलीची छत्री लावा, हवा खेळती राहू द्या, किंवा ऊन उतरल्यावर निघा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तर एक मिनिटही नाही.

पंखा चालतो, पण खोलीत ४० च्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसायचं, पडदा ओला करायचा, आणि जमत असेल तर काही तास दुसऱ्या गार जागी जायचं. बर्फाचं पाणी बाळाच्या अंगावर कधीच नको. साधं कोमट.

बाळ उठत नाही, चोखत नाही, श्वास जोरजोरात घेतंय, अंग गरम आणि कोरडं, टाळू खोल, यातलं काहीही दिसलं तर पुसत बसू नका, कपडे सैल करून थेट दवाखाना. मोठ्या माणसांतही तेच. गरोदर बाई गरमीत असंबद्ध बोलायला लागली की ती थकलेली नाही, तो उष्माघात समजायचा. मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं, डाव्या कुशीवर निजवायचं.

---

थोरलीमावशी
मंगळवार, रात्री ८:१५

पहाटपाळी बाई, सुनेचं बाळ आता दोन महिन्यांचं आहे. आज तुम्ही सांगितलं तसं मानेमागे हात घालून पाहिलं. घामाने चिंब होतं, केस चिकटलेले. पाय मात्र गार. मोजे काढले, टोपी काढली. अर्ध्या तासाने आपणहून प्यायला लागलं. थर्मामीटर कसं लावायचं ते सुनेकडून शिकून घेतलं.

---

दुसरीवेळ
बुधवार, सकाळी ७:५०

नवऱ्याने काल भिंतीवर लावायचा तापमापक आणला. दोघांनी रात्रभर नोंदी केल्या. संध्याकाळी ७ वाजता ३६. रात्री ११ वाजता ३५.५. पहाटे ३ वाजता ३४. बाहेर तोपर्यंत २७ झालं होतं. म्हणजे भिंती आणि छत रात्रभर तापच सोडत होते, आणि आम्ही खिडकी बंद करून झोपत होतो. उलट करायला हवं होतं, दिवसा बंद आणि पडदे ओढलेले, रात्री सगळं उघडं.

खालच्या खोलीत तेव्हाच ३०.५ होतं. ती खोली सामानाने भरलेली आहे. आज सामान वर जाईल आणि आम्ही खाली येऊ. काल संध्याकाळी डॉक्टरांनाही दाखवून आले, तपासणी ठीक आहे. फाईलवर मी स्वतःच पेनाने लिहिलं, "झोपायची खोली, रात्री ११ वाजता, ३५.५". डॉक्टरांनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, पण त्याच्याखाली सही केली.

---

पहाटपाळी
गुरुवार, सकाळी ८:४०

बाळाचं सांगते, खूप जणांनी निरोप पाठवून विचारलंय. सोडियम आता १४६ वर आलंय. ते हळूहळूच उतरवावं लागतं, घाई केली तर मेंदूला सूज येते. संसर्गाचा रिपोर्ट स्वच्छ आला. काल रात्री पहिल्यांदा जोरात रडलं आणि आईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. आज सकाळी अंगावर प्यायलंय.

दुसरीवेळच्या नोंदी वाचून मी आमच्याच बाळंतिणींच्या वॉर्डात तापमापक लावला. मी दुसऱ्यांना विचारत होते आणि आमच्या भिंतीवरच नव्हता. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या दोन खाटांवर संध्याकाळी ६ वाजता ३८, दाराजवळ ३२.५. त्याच वॉर्डात, त्याच पंख्यांखाली, पंधरा पावलांवर. काल त्यातल्या एका खाटेवर सिझेरियनची बाई आणि तिचं कमी वजनाचं बाळ होतं.

मेट्रनना नेऊन दाखवलं. त्या दोन खाटा दुपारपासून रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि पाळी बदलताना तापमान वहीत लिहायचं ठरलंय. आज पहाटे ४ ची नोंद माझी होती. ३१.